बाही होईस्तोवर

जुबैदाबीला मराठी वाचता येत नव्हतं, आणि विणकामाचं गावातलं एकमेव पुस्तक मराठीत होतं. आमची ओळख झाली ती यामुळेच.

१९५७ च्या जूनमध्ये माझी बदली बोरी अरबच्या मुलींच्या शाळेत झाली. मी मूळची अमरावतीची. शाळेच्या मागच्या गल्लीत खोली मिळाली. समोर जफरभाईंचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाला लागूनच त्यांचं घर. जुबैदाबी त्यांची बायको. तेव्हा पस्तिशीची असेल. अंगानं किरकोळ, बोलणं भरभर, आणि हात कधी रिकामा नाही. तिचे वडील रहमत टेलर दारव्ह्याला शिवणकाम करायचे. लहानपणापासून त्यांच्या मशीनजवळ बसून ती काजं करायला, माप घ्यायला शिकली होती. पुढे लग्न होऊन इकडे आली. एक मुलगी झाली, हलीमा. तिचं लग्न होऊन ती दिग्रसला गेली होती. हलीमाच्या आधीचा एक मुलगा अकरा दिवसांचा होऊन थंडीत गेला. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता, आणि पुढच्या वाक्यात तांदळाच्या भावावर बोलू लागली.

त्या वर्षी गटविकासाकडून एक ग्रामसेविका आली होती. तिनं महिला मंडळ काढलं आणि विणकामाचे वर्ग घेतले. बायका आठ-दहा जमल्या, महिन्याभरात चार उरल्या, आणि तिसऱ्या महिन्यात ग्रामसेविकेचीच बदली झाली. जाताना ती लोकर कंपनीचं एक पातळ पुस्तक जुबैदाबीला देऊन गेली. त्यात सहा नमुने होते. जुबैदाबी ते घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, हे वाचून दाखवता का? मले उर्दू येते, हे नाई येत."

मी वाचायची आणि ती एका वहीत उर्दूत उतरवून घ्यायची. आधी मला वाटलं, उजवीकडून डावीकडे लिहिलेलं विणताना तिचा घोटाळा होईल. झालं उलटंच. सुईवरची ओळही उजवीकडूनच सुरू होते, त्यामुळे तिची वही आणि तिची सुई एकाच दिशेनं चालायच्या. घोटाळा माझाच व्हायचा. मी दोन हिवाळे एक पांढरा स्वेटर विणत होते, आणि तो पाठीच्या निम्म्याच्या वर गेला नव्हता.

सुया जफरभाई करून द्यायचे. मोडक्या चाकांच्या तारा घ्यायच्या, हव्या त्या लांबीच्या तोडायच्या आणि टोकं दगडावर घासून गुळगुळीत करायची. बाजारातल्या सुयांपेक्षा त्या बारीक असायच्या, त्यामुळे तिची वीण घट्ट आणि एकसारखी यायची. चार वर्षांत तिचे पुस्तकातले सहाही नमुने विणून झाले होते. सगळे मोठ्या माणसांचे, नाहीतर दोन वर्षांच्या पुढच्या मुलांचे.

१९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, अशी बोलवा होती. गावात होमहवन झालं, काही जणांनी बाहेरगावी जाणं टाळलं. मी शाळेत मुलींना ग्रहांच्या भ्रमणाचा धडा शिकवला, तर दुसऱ्या दिवशी निम्म्या मुली आल्याच नाहीत. जग काही बुडालं नाही. पण त्याच आठवड्यात गावापासून दोन मैलांवरच्या बंजारा तांड्यात प्रेमसिंगच्या बायकोला, हंसाबाईला, मुलगी झाली. मूल मोठं होतं, खांदा अडकला, आणि सोडवताना ओढाताण झाली. मुलगी रडली, दूध प्यायली, पण तिचा डावा हात हलेना. तो नुसता अंगाशी लोंबत राहिला. तांड्यातल्या कुणीतरी लगेच म्हटलं, अष्टग्रहीची पोर आहे, हात ग्रहांनी नेला.

प्रेमसिंगनं ते ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी बायको-मुलीला खाचरात, बैलांच्या छोट्या गाडीत, घालून दारव्ह्याच्या दवाखान्यात नेलं. स्वतः सायकलवर बरोबर गेला. परत येताना सायकल पंक्चर झाली म्हणून खाचर जफरभाईंच्या दुकानापाशी थांबलं. प्रेमसिंगची आई लालीबाई बाळाला मांडीवर घेऊन जुबैदाबीच्या ओसरीत बसली. मी शाळेतून येत होते. बाळाचं रडणं ऐकून मीही आत गेले.

डॉक्टरांनी हात कोपरात दुमडून छातीशी पट्टीनं बांधला होता. सहा आठवडे तसाच ठेवायचा, ओढायचा नाही, चोळायचा नाही, अंगात काही घालताना वर उचलायचा नाही. आणि बाळाला गारठा लागू द्यायचा नाही. पण पट्टी गावाच्या वेशीपर्यंतही टिकली नव्हती. झबलं काढघाल करताना ती सुटली होती, आणि हंसाबाई एका हातानं पट्टी धरून रडत होती.

"झबलं घालू तं हात उचला लागते," ती म्हणाली, "आन् नाई घालू तं पोट्टी गारठते. डाक्टर म्हणते दोन्ही करू नोको. मंग मी करू काय?"

 जुबैदाबीनं भिंतीवरच्या खिळ्याची टेप काढली, वडिलांची जुनी टेप, आणि बाळाची छाती मोजली. चौदा इंच. मग खांद्यापासून मांडीपर्यंत, उजव्या हाताची लांबी, मानेचा घेर. दुमडलेला हात तिनं मोजला नाही, नुसता जवळून पाहिला.

"हात उचला नाई लागन असं जाकीट करून देतो," ती म्हणाली. "दोन दिवस थांबा. तवर दुपट्ट्यात गुंडाळा."

लालीबाईनं तिच्याकडे नीट पाहिलं. लालीबाईचे स्वतःचे हात सुईदोऱ्याचे होते. तिच्या ओढणीवरची आरशांची नक्षी तिनंच भरलेली. "तू दाक्तरीन हायेस का?" तिनं विचारलं.

"नाई जी. दर्ज्याची पोरगी हाय."

खाचर गेल्यावर जुबैदाबी पुस्तक घेऊन माझ्या खोलीत आली. त्यातल्या त्यात लहान नमुना दोन वर्षांच्या मुलाचा, बंद गळ्याचा स्वेटर. पुढच्या भागाला सहासष्ट टाके, मागच्याला सहासष्ट, जाड लोकर, जाड सुया, आणि डोक्यावरून घालायचा. म्हणजे यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. लोकर तर गावात मिळायची ती अंगाला टोचणारी. मी पेटीतून माझा अर्धवट पांढरा स्वेटर काढला. ती लोकर मऊ होती, यवतमाळहून आणलेली.

"उसवू?" तिनं विचारलं.

"उसव. माझ्यानं काही तो होत नाही."

तिनं तारेच्या सुयांवर चार बोटांचा एक चौकोन विणून पाहिला आणि टेप लावली. एका इंचात आठ टाके. मी लगेच कागद घेतला. छाती चौदा, सैलपणासाठी दोन, सोळा इंच. सोळा आठे एकशे अठ्ठावीस. मला वाटलं झालं.

"हाताची जागा कुठी धरली तुमी?" जुबैदाबी म्हणाली.

"कुठल्या हाताची?"

"बांधलेल्या. तो तं आतमदी राहीन. छातीवर हात ठेवून माप घ्या, मंग सांगा."

मी स्वतःच्याच छातीवर हात ठेवून पाहिला. बरोबर होतं तिचं. तिनं आणखी बारा टाके वाढवले, एकशे चाळीस. गणित माझं चुकलं नव्हतं, माप चुकलं होतं.

पहिलं जाकीट तिनं पाठीमागून उघडं केलं. ही कल्पना तिला हंसाबाईच्या कांचळीवरून सुचली होती. तांड्यातल्या बायकांची ती चोळी पाठीवर नाड्यांनी बांधतात. बाळाला पालथं न घालता, हात न उचलता, समोरून जाकीट चढवायचं आणि मागे तीन नाड्या. डाव्या बाजूला बाही नाही. आतून एक खिसा, दुमडलेला हात त्यात ठेवायचा, म्हणजे पट्टी सुटली तरी हात सुटणार नाही. तो खिसा पाहून मला तिचं फार कौतुक वाटलं. प्रेमसिंग येऊन जाकीट घेऊन गेला.

चौथ्या दिवशी हंसाबाई स्वतः चालत आली. ओली बाळंतीण, दोन मैल. तिनं बाळाची पाठ दाखवली. तीन ठिकाणी लाल वळ.

"बाळ उताणं निजते," ती म्हणाली, "गाठी पाठीत रुतते. जाकीट चांगलं हाय जी, पण रातभर रडते पोट्टी."

जुबैदाबीचं तोंड उतरलं. ती म्हणाली, "माह्यीच चूक. मोठ्या बाईचं लहान लेकराले लावलं मी." तिनं बाळाला स्वतःच्या शालीत गुंडाळलं, हंसाबाईला चहा दिला, आणि तिच्या देखत जाकीट उसवायला घेतलं. हंसाबाईला वाटलं, आपण बोललो म्हणून राग आला. ती नको नको म्हणू लागली. "राग कायले?" जुबैदाबी म्हणाली, "चुकलेलं उसवाच लागते."

रमजान सुरू झाला होता. रोजा ठेवून ती दिवसभर ओसरीत बसून विणायची. उसवलेली लोकर कुरळी होते. ती तिनं धुतली, लड करून दोरीवर टांगली आणि खाली पाण्याचा लोटा बांधला, म्हणजे वाळताना सरळ होईल. या वेळी जाकीट एका सलग तुकड्याचं. खालून सुरुवात, डावी बाजू पूर्ण उघडी, बगलेपासून वरचे टाके उजव्या बाहीसाठी वाटून घेतले. उजवी बाही रुंद, की आपलं बोट आतून घालून बाळाचा पंजा बाहेर काढता यावा. डाव्या खांद्यावर एक आणि कुशीला तीन नाड्या, सगळ्या गाठी पुढच्या अंगाला. हाताचा आतला खिसा तसाच ठेवला. जाकीट अंथरायचं, बाळाला त्यावर निजवायचं, उजवा हात घालायचा, मग पुढचा भाग डाव्या हातावरून घेऊन बांधायचा. गुंड्या लावल्याच नाहीत. गुंडी तुटली की लेकरू तोंडात घालतं.

आणि डाव्या खांद्याकडचे टाके तिनं बंद केले नाहीत. एका सुती दोऱ्यात ओवून ठेवले.

"हे असंच?" मी विचारलं.

"हात बरा झाला म्हंजे बाही विणीन तिथून."

लालीबाई जाकीट पाहायला आली तेव्हा म्हणाली, "पांढरं कायले? लेकराले लाल पाहिजे." जुबैदाबीकडे लाल लोकर नव्हती. लालीबाईनं आपल्या पिशवीतून लाल दोरा काढला आणि तिथंच बसून गळ्याला आणि काठाला लाल टाके घालून दिले. तेवढ्यानंच दोघींचं जमलं असं मला वाटलं होतं. पण जमायचं होतं ते पुढेच.

तीन आठवडे झाले. वळ उठले नाहीत, बाळ झोपू लागलं, वजनही वाढलं. पण हात हलला नाही. तांड्यात पुन्हा चर्चा सुरू झाली. जवळच्या एका खेड्यात हाडं बसवणारा माणूस होता. तो तेल लावून, चोळून, ओढून हात मोकळा करतो असं लालीबाईला कुणी सांगितलं. येत्या मंगळवारी त्याच्याकडे जायचं ठरलं. प्रेमसिंगनं सायकलला हवा भरता भरता ही गोष्ट जफरभाईंना सांगितली, जफरभाईंनी घरात.

त्या दिवशी रविवार होता. भर दुपारी जुबैदाबी माझ्या दारात उभी राहिली. "बाई, चालता का तांड्यात?"

"या उन्हात? रोजा आहे तुझा."

"मंगळवार परवा हाय."

आम्ही चालत गेलो. फेब्रुवारीची अखेर, दिवसा ऊन चांगलंच तापू लागलं होतं. लालीबाई दारातच बसली होती. तिनं तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायले. जुबैदाबीनं हात जोडून नको म्हटलं. लालीबाईला क्षणभर कळलं नाही, मग कळलं. ती उठली आणि तिनं आम्हाला आत सावलीत बसवलं.

"डाक्टरनं सहा हप्ते सांगतले," जुबैदाबी म्हणाली. "तीनच झाले."

"तीन हप्त्यात बोट नाई हाललं," लालीबाई म्हणाली. "होळी आली. लोक पाह्यतीन, म्हणतीन, पोट्टी लुळी. बसून राहू का मी?"

"याडी, ऐक."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. हा शब्द जुबैदाबी हंसाबाईकडून शिकली असावी. 

"सायकलची तार वाकली तं माह्या घरचा ठोकून सरळ करते. पण सुईवरचा टाका सुटला तं ठोकून होते का? ओढला तं आणिक खाली जाते, सगळं उसवते. तो हळूच धरून ठेवा लागते. तू बी सुईवाली हायेस, तुले मी काय सांगू? हाड मोडलं असतं तं मी नसती बोलली. डाक्टर म्हणते आतली शीर ताणली हाय. शिरीले ओढून कसं चालीन?"

 हंसाबाई बाळाला घेऊन कोपऱ्यात बसली होती, तिनं मान वर केली नाही. लालीबाईनं जाकिटाकडे बोट केलं. "त्या खांद्याचे टाके काहून ठेवले तू दोऱ्यात?"

"बाहीसाठी."

"कर मंग बाही. बाही होईस्तोवर थांबतो मी. बाही झाली, हात नाई हालला, तं मंग मी नेईन. तवा आडवं नोको येऊ."

"कबूल," जुबैदाबी म्हणाली.

परतताना मी तिच्यावर चिडले. "कबूल काय? तान्ह्या बाळाची बाही ती, एका दुपारचं काम तुझं!"

 चालता चालता तिनं ओढणी डोक्यावरून पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी हंसाबाई जाकीट देऊन गेली. तोवर बाळाला घालायला जुबैदाबीनं जाड सुती कापडाचं तसंच एक शिवून दिलं. मी शाळेतून आले तर बाहीच्या दोन ओळी झाल्या होत्या. पुढच्या दिवशी आणखी दोन. ईद झाली, तिनं शीरखुर्मा पाठवला, आणि बाही अजून कोपरापर्यंतही आली नव्हती. हलीमा माहेरी आली होती, तिनं आईला विचारलं, अम्मी, सुया बोथट झाल्या का? लालीबाईनं बाजाराच्या दिवशी ओसरीत डोकावून पाहिलं. जुबैदाबी विणतच होती. मन लावून विणत होती. मात्र प्रत्येक टाक्यानंतर सुई खाली ठेवून बोटं मोडायची, चूल पाहून यायची, कोंबडी हाकलायची.

"जुबैदाबी," मी म्हटलं, "ही बाही अजून कोपरापर्यंतच?"

"लेकराच्या हाताच्या चालीनं चालून राह्यली, बाई."

लालीबाईला हे कळलं नसेल असं मला वाटत नाही. सुईचं काम करणाऱ्या बाईला दुसऱ्या बाईची चाल कळते. पण ती बोलली नाही. शब्द दोघींनी दिला होता आणि दोघीही आपापला पाळत होत्या.

सहावा आठवडा भरायला दोन दिवस होते. होळी तोंडावर आली होती. सकाळी मी केस विंचरत होते तर हंसाबाई धावत गल्लीत शिरली. मागून लालीबाई, धापा टाकत. जुबैदाबी दारात आली. हंसाबाईनं बाळाला ओसरीत निजवलं, आतल्या खिशातून डावा पंजा बाहेर काढला आणि आपल्या कांचळीची नाडी त्यावर ठेवली. काहीच झालं नाही. आम्ही चौघी पाहत राहिलो. जफरभाई पान्हा हातात घेऊन दुकानातून आले.

मग दोन बोटं हलली. मधलं आणि करंगळीजवळचं. नाडीभोवती ती मिटली, सैल, पण मिटली.

"रातीपासून करते," हंसाबाई म्हणाली आणि रडू लागली. लालीबाई रडली नाही. तिनं जुबैदाबीला विचारलं, "बाही किती राह्यली?"

"आज होते," जुबैदाबी म्हणाली. आणि दुपारपर्यंत झालीही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली, हळूहळू करायचे व्यायाम दाखवले. हात पुरता बरा व्हायला वर्ष लागेल, आणि पुरता होईलच असं नाही, हेही सांगितलं. तसंच झालं. मुलीचं नाव कांता ठेवलं. तिचा डावा हात कानापर्यंत जायचा, डोक्यावर जायचा नाही. पकड मात्र चांगली आली. सहा वर्षांनी ती माझ्याच शाळेत पहिलीत आली, आणि झाडावर चढते म्हणून तिच्या आईकडे तक्रार करायची वेळ माझ्यावर आली. अष्टग्रहीची पोर हे नाव तिला तांड्यात राहिलं, पण पुढे पुढे लोक ते तिचं वय मोजायलाच वापरू लागले.

डॉक्टरांनी जाकीट उलटंसुलटं करून पाहिलं होतं आणि कुणी केलं ते विचारलं होतं. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर त्यांनी एका बाळाच्या बापाला चिठ्ठी देऊन जुबैदाबीकडे पाठवलं. त्या बाळाचं गळ्याचं हाड मोडलेलं होतं. पुढे महागावहून एक जण आला, त्याचं बाळ सातव्या महिन्यात झालेलं, एवढंसं, छाती दहा इंच. त्याचा हात बांधायचा नव्हता, पण काही घालताना ते निळं पडायचं. जुबैदाबीनं त्याच जाकिटाची दोन्ही बाजूंनी उघडणारी तऱ्हा काढली. दर वेळी ती मला टाके मोजायला बसवायची आणि दर वेळी माझ्या आकड्यात काहीतरी वाढवायची किंवा कमी करायची. १९६४ साली ती माझ्याकडून मराठी वाचायला शिकली, पण वही उर्दूतच ठेवली. मंडळात तिनं सात-आठ जणींना हे जाकीट शिकवलं. त्यातली एक लालीबाई. लालीबाईला सुलट-उलट विणणं कधी आवडलं नाही. ती म्हणायची, यात रंग नाही. पण नाड्या आणि काठ तीच करायची, आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचे चालत नसत.

काही लोक मोबदला द्यायचे, काही द्यायचे नाहीत. कुणी तूर आणून टाकायचं, कुणी लोकर. याबद्दल तिचं काही म्हणणं ऐकलं नाही. एकदा मी विचारलं, एवढी दुसऱ्यांची लेकरं निभावलीस, कसं वाटतं? तिनं थोडा विचार केला. म्हणाली, "पयले वाटे, माह्या पोराच्या टायमाले हे येत असतं तं. आता तसं वाटत नाई. आता समोरचं लेकरू दिसते."

१९६९ च्या मे महिन्यात माझी पुसदला बदली झाली. निघायच्या दिवशी ती मोटर स्टँडवर आली नाही. मुकुटबनकडची कुणी बाई पहाटेच जुळी घेऊन तिच्या ओसरीत येऊन बसली होती, आणि दोघांची मापं वेगळी होती. माझी पेटी जफरभाईंनी सायकलच्या कॅरियरवर आणली. मोटर सुटायच्या आधी ते खिडकीशी आले.

"तिनं सांगतलं, पुसदले मऊ लोकर भेटली तं पाठवजा. पिवळी नोको. पिवळीचा रंग जाते."